डॅशबोर्डवरचा गोंगाट आणि गप्प पडलेली प्लगइन्स

माझ्या मावशीचा गुहागरला होमस्टे आहे. चार खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि एक छोटीशी वेबसाइट, वर्डप्रेस नावाच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेली, जी सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने बनवून दिली होती. या मे महिन्यात, म्हणजे ज्या एका महिन्यावर तिचं अख्ख्या वर्षाचं गणित असतं त्याच महिन्यात, तिचा फोन आला. "अगं दहा दिवस झाले, साइटवरून एक बुकिंग नाही, आणि लोक फोन करून विचारतायत की तुम्ही बंद केलंत का." मी साइट उघडली तर बुकिंगच्या पानावर एकच इंग्रजी वाक्य होतं, की या वेबसाइटवर गंभीर त्रुटी आली आहे. बाकी पान पांढरं.

मग तिच्या लॉगिनने आत गेले. डॅशबोर्ड, म्हणजे साइट आतून सांभाळायचं पान, उघडला तर साइटबद्दल काही दिसायच्या आधी नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. एक जांभळी, प्रो घ्या म्हणून. तिच्याखाली, तुम्ही आमचं प्लगइन महिनाभर वापरताय तर पाच स्टार द्याल का. मग उलटं घड्याळ टिकटिकणारा सेल, मग तुमचा डेटा गोळा करू का असं विचारणारी, मग परवान्याची मुदत संपली सांगणारी. मोजल्या तर नऊ निघाल्या आणि त्या नवातली एकच खरी कामाची होती, वर्डप्रेसची नवी आवृत्ती आलीये ती घ्या असं सांगणारी. मावशीला विचारलं हे कधी वाचलंस का, तर म्हणाली, "सगळं इंग्रजीत असतं गं, मी कोपऱ्यातली फुली शोधते आणि दाबते."

आता हे फक्त तिचंच नाहीये. जगातल्या दर १० वेबसाइट्समधल्या साधारण ४ वर्डप्रेसवर चालतात, आपल्याकडे शाळा, दवाखाने, आंबेवाले, मंडळं, पतसंस्था, सगळीकडे हेच, आणि त्यातल्या बहुतेकांनी साइट एकदा कोणाकडून तरी करून घेतली आणि नंतर आत काय आहे ते बघितलेलं नसतं. म्हणून हे सगळं प्रकरण असं का आहे ते जमेल तितक्या सोप्या भाषेत लिहायचा प्रयत्न करतेय.

तर आधी प्लगइन म्हणजे काय. वर्डप्रेस मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ मध्ये सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी १.२ आवृत्तीत प्लगइनची सोय आली. कल्पना अशी की मूळ सॉफ्टवेअर आटोपशीर ठेवायचं आणि ज्याला जे जास्तीचं हवंय, कोणाला फॉर्म, कोणाला गॅलरी, कोणाला बुकिंगचं कॅलेंडर, त्याने ते वरून जोडायचं. हे जोडणं कसं होतं तर एसटीसारखं. वर्डप्रेस एखादं पान बनवायला निघालं की वाटेत शेकडो थांबे घेतं, प्रत्येक थांब्यावर विचारतं की इथे कोणाला चढायचंय का, आणि ज्या प्लगइनने त्या थांब्यावर नाव लावून ठेवलंय ते चढतं आणि आपलं काम करतं. या थांब्यांना हुक म्हणतात. ही रचना फार सुंदर आहे, मला खरंच आवडते, वर्डप्रेस इतकं पसरलं त्यामागे हेच मोठं कारण आहे.

पण या एसटीला कंडक्टर नाही. मोबाइलवर ॲप टाकलं की ते निदान विचारतं, कॅमेरा वापरू का, फोटो बघू का. वर्डप्रेसमध्ये असलं काही नाही. प्लगइन एकदा चालू केलं की ते तुमचा अख्खा डेटाबेस वाचू शकतं, फाइल बदलू शकतं, पानावर हवं ते छापू शकतं. साधं गॅलरीचं प्लगइन आणि पैसे घेणारं प्लगइन, दोघांचे अधिकार सारखेच. आणि या थांब्यांमधला एक थांबा आहे ॲडमिन नोटिसेस नावाचा, डॅशबोर्डच्या अगदी वरचा, खरं म्हणजे ‘फाइल सेव्ह झाली नाही’, ‘डेटाबेस अपडेट करायचा बाकी आहे’ असल्या निरोपांसाठी ठेवलेला. तिथेही कोणीही चढू शकतं. कुठली नोटिस महत्त्वाची, कुठली जाहिरात, हे वेगळं करणारं यंत्रच तिथे नाही, त्यामुळे सेलची पट्टी आणि धोक्याची पट्टी एकाखाली एक येतात, त्याच जागी, तशाच दिसणाऱ्या.

नियम आहेत, नाहीत असं नाही. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन डिरेक्टरीची नियमावली आहे आणि तिचा ११ वा नियम हेच सांगतो की प्लगइनने डॅशबोर्ड बळकावू नये, नोटिस मोजक्या असाव्यात आणि बंद करता यायला हव्यात. पण डिरेक्टरीत ६०,००० च्या आसपास प्लगइन्स आहेत, आणि एकेका प्लगइनची एक पट्टी बघितली तर ती नियमात बसतेही. मावशीच्या साइटवर तेवीस प्लगइन्स होती, त्यातल्या आठांनी नियमात बसणारी एकेक पट्टी लावली आणि वर्डप्रेसची स्वतःची एक, की झाल्या नऊ.

मग हे लोक जाहिराती लावतातच का, हा प्रश्न येतो, आणि इथे मला वाटतं प्लगइन बनवणाऱ्यांची बाजू पण नीट समजून घ्यायला हवी. अधिकृत डिरेक्टरीत प्लगइन फुकटच ठेवावं लागतं, तिथे पैसे घ्यायची सोयच नाही. शिवाय दुसरा एक नियम असा की डिरेक्टरीतल्या प्लगइनमध्ये एखादी सोय आधीच घालून तिला कुलूप लावायचं आणि पैसे दिल्यावर उघडायची, हे चालत नाही. म्हणजे पैशांची आवृत्ती वेगळी बनवायची, आपल्या स्वतःच्या साइटवर विकायची, आणि तिचं गिऱ्हाईक कुठून येणार तर फुकटवाली वापरणाऱ्यांमधूनच. त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता एकच, त्यांचा डॅशबोर्ड. एखाद्याचं फुकट प्लगइन लाखभर साइट्सवर चालतंय, रोज लोक मदत मागतायत, आणि दर नव्या वर्डप्रेसबरोबर ते तपासायचं, दर नव्या पीएचपीबरोबर (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) दुरुस्त करायचं, तर हे काम कोण किती वर्षं फुकट करेल? मोठ्या लोकांनाही हा मोह आवरलेला नाहीये. योस्ट एसइओ हे साइट गुगलच्या शोधात वर यावी म्हणून वापरतात ते, लाखो साइट्सवर असलेलं प्लगइन, त्यांनी २०१९ मध्ये ब्लॅक फ्रायडेच्या सेलचं मोठं हलतं बॅनर सगळ्यांच्या डॅशबोर्डवर लावलं होतं, लोक इतके चिडले की त्यांनी ते काढलं आणि माफी मागितली.

(विक्ससारख्या साइट बनवून देणाऱ्या ठिकाणच्या फुकट साइटवर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर जी जाहिरात दिसते ते प्रकरण वेगळं. ती तुमच्या पाहुण्यांना दिसते, जागा फुकट दिल्याचा मोबदला म्हणून, आणि पैसे भरले की जाते. मी जे सांगतेय ते स्वतःचं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, पैसे देऊन घेतलेल्या साइटच्या आतलं आहे.)

म्हणजे फुकट प्लगइनच्या लेखकापुढे रस्ते कुठले उरतात बघा. एक, जाहिरात करायची. दोन, कंटाळून सोडून द्यायचं. तीन, विकून टाकायचं. जाहिरात आपल्याला रोज खुपते म्हणून आपण तिच्यावर चिडतो, पण बाकीचे दोन रस्ते जास्त घातक आहेत आणि ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

सोडून दिलेल्याचं आधी सांगते कारण मावशीचं तेच झालं होतं. तुमची साइट दिवसातून दोनदा वर्डप्रेसच्या सर्व्हरला विचारते की माझ्याकडे ही-ही प्लगइन्स आहेत, कोणाची नवी आवृत्ती आलीये का. आली असेल तर डावीकडच्या मेनूत लाल गोळ्यात आकडा येतो. नसेल तर काहीच येत नाही. आता विचार करा, ज्या प्लगइनचा लेखक सहा वर्षांपूर्वी सोडून गेला त्याची नवी आवृत्ती कधीच येणार नाही, म्हणजे त्याच्यापुढे कधीच लाल आकडा येणार नाही. जे प्लगइन कोणीतरी मनापासून सांभाळतंय ते दर महिन्याला अपडेट मागून त्रास देतं, आणि जे मेलंय ते शांत, सगळ्यात गुणी दिसतं. मावशीला ठाम खात्री होती की "बुकिंगवाल्याचा कधी काही त्रासच नव्हता." तो त्रास नव्हता कारण तिथे त्रास द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

मग ते इतकी वर्षं चाललं आणि मे मध्येच कसं पडलं? कारण प्लगइन एकटं नसतं. त्याच्याखाली वर्डप्रेस असतं, वर्डप्रेसच्या खाली पीएचपी नावाची भाषा असते, जी होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर चालते, आणि हे खालचे मजले बदलत राहतात. त्या बुकिंगच्या प्लगइनमध्ये क्रिएट फंक्शन नावाची जुनी सोय वापरलेली होती. पीएचपीच्या ७.२ आवृत्तीत, म्हणजे २०१७ च्या शेवटी, जाहीर झालं की ही वापरणं थांबवा, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आली तेव्हा ती काढूनच टाकली. जागता लेखक असता तर मधल्या तीन वर्षांत चार ओळी बदलून मोकळा झाला असता. इथे कोणीच नव्हतं. पीएचपी ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं, तरी होस्टिंगवाल्यांनी जुनी आवृत्ती बरेच दिवस चालू ठेवली होती, या एप्रिलअखेरीला ती बंद केली आणि ८ वर नेली, ज्यात त्यांचं काही चुकलं नाही, आणि त्या क्षणी बुकिंगचं पान पडलं.

आणि आता जे सांगतेय ते मला सगळ्यात जास्त लागलं. वर्डप्रेसमध्ये २०१९ च्या मे मधल्या ५.२ आवृत्तीपासून अशी सोय आहे की एखाद्या प्लगइनमुळे डॅशबोर्डचं पान पडलं तर वर्डप्रेस स्वतः मेल पाठवतं, कुठलं प्लगइन, काय झालं, आणि आत शिरून ते बंद करायची खास लिंक. नुसतं बाहेरचं पान पडलं तर तो मेल जात नाही, पण गेला असता तरी मावशीला मिळाला नसता. तो गेला असता साइट बनवणाऱ्या मुलाच्या जुन्या कॉलेजच्या मेल आयडीवर, कारण ॲडमिनचा ईमेल म्हणून तोच टाकलेला होता. वर्डप्रेसला याची पण कल्पना आहे, म्हणून ५.३ पासून ते दर सहा महिन्यांनी लॉगिन करताना एक पूर्ण पान दाखवून विचारतं की हा ईमेल अजून बरोबर आहे ना. मावशीने दरवेळी ‘बरोबर आहे’ दाबलं होतं. कारण तिच्यासाठी ती पण आणखी एक चौकट होती, जी घालवायला एक बटण दाबायचं असतं. इतक्या वर्षांच्या जाहिरातींनी तिला हेच शिकवलंय, वाचू नकोस, फुली शोध. मला म्हणून या जाहिरातींचा राग येतो, नजरेला खुपतात हे तर आहेच, पण त्यांच्यामुळे खरा निरोप ऐकू येईनासा होतो.

त्याच प्लगइनचा अजून एक दोष निघाला जो फक्त आपल्यासारख्यांनाच भोगावा लागतो. मावशीच्या यादीत जुनी बुकिंग्ज बघत होते तर काही नावं ठीक, इंग्रजीत भरलेली, आणि काही ठिकाणी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ????? ??????, आणि पुढे फोन नंबर. मावशीला वाटायचं लोक मुद्दाम नाव लपवतात, म्हणून ती त्या नंबरवर फोन करून नाव विचारून वहीत लिहायची. प्रत्यक्षात त्या लोकांनी आपलं नाव मराठीत भरलं होतं. डेटाबेसच्या प्रत्येक तक्त्याला सांगावं लागतं की अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची, आणि जुन्या मायएसक्यूएलमध्ये (वर्डप्रेस आपला डेटाबेस ज्यात ठेवतं ते सॉफ्टवेअर) काहीच सांगितलं नाही तर लॅटिन-१ नावाची पद्धत धरली जायची ज्यात देवनागरीला जागाच नाही, आणि ज्या अक्षराला जागा नाही तिथे प्रश्नचिन्ह. वर्डप्रेसने स्वतःचे तक्ते यासाठी कधीच सुधारले, २०१५ च्या ४.२ मध्ये तर इमोजीसुद्धा बसतील इतके. पण प्लगइनने स्वतःचा वेगळा तक्ता बनवला असेल आणि तेव्हा लेखकाने ते सांगितलं नसेल तर वर्डप्रेस तिथे हात घालत नाही. ती नावं गेली ती गेली, प्रश्नचिन्हातून मागे काही आणता येत नाही.

आता तिसरा रस्ता, विकून टाकणं. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगइन होतं, दोन लाखांच्या आसपास साइट्सवर, साधंसं काम करणारं. मूळ मालकांनी ते विकलं. नव्या मालकाने अपडेट काढलं, लोकांनी विश्वासाने घेतलं, आणि त्या अपडेटमध्ये मागचा दरवाजा होता ज्यातून त्या साइट्सवर बाहेरून स्पॅम पानं टाकता येत होती. ती पानं लॉगिन केलेल्या माणसाला दिसायचीच नाहीत, फक्त बाहेरून येणाऱ्यांना दिसायची, म्हणजे मालक रोज साइट बघतोय आणि त्याला सगळं ठीक दिसतंय. डिरेक्टरीने ते एकापेक्षा जास्त वेळा काढलं आणि शेवटी कायमचं बंद केलं. म्हणून ‘फक्त अपडेट करत राहा’ एवढा सल्ला पुरेसा नाही असं मला वाटतं, अपडेट कोणाकडून येतंय हे पण कधीतरी बघावं लागतं.

अजून एक जागा आहे जिथे जुनं प्लगइन लपून बसतं, ती म्हणजे थीमचं, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याचं, पोट. विकत घेतलेल्या थीममध्ये बऱ्याचदा स्लायडर (आपोआप सरकणारे फोटो) वगैरे आतच घालून दिलेले असतात. रेव्होल्युशन स्लायडर नावाचं फार चाललेलं प्लगइन, त्यात मोठं भगदाड सापडलं, प्लगइनवाल्यांनी दुरुस्तीही काढली, पण ज्यांना ते थीमबरोबर मिळालं होतं त्यांना ते आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं आणि त्यांचं अपडेट थीमवाला देईल तेव्हाच येणार. डिसेंबर २०१४ मध्ये सोकसोक नावाचं मालवेअर त्याच भगदाडातून शिरलं, गुगलने ११,००० हून जास्त डोमेन्स धोकादायक म्हणून काळ्या यादीत टाकली.

तर करायचं काय. मी मावशीकडे जे केलं ते सांगते. सगळ्यात आधी बॅकअप, फाइल्स आणि डेटाबेस दोन्हीचा, आणि तो त्याच सर्व्हरवर न ठेवता आपल्या कॉम्प्युटरवर. मग ॲडमिनचा ईमेल बदलला, सेटिंग्जमध्ये पहिल्याच पानावर असतो, तो आता माझ्या मामेबहिणीचा आहे जी रोज मेल बघते. तुम्ही दुसरं काही नाही केलं तरी एवढं आज करा, खरंच.

मग वही घेऊन बसलो आणि तेवीसच्या तेवीस प्लगइन्सची नावं लिहिली, प्रत्येकाचं डिरेक्टरीतलं पान उघडून शेवटचं अपडेट कधीचं ते पुढे लिहिलं. वर्डप्रेसच्या गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेलं नसेल तर त्या पानावर वरच तसा इशारा दिसतो, आणि डिरेक्टरीतून काढून टाकलेलं असेल तर तेही तिथे लिहिलेलं असतं. मात्र ‘अमुक आवृत्तीपर्यंत तपासलं’ ही ओळ लेखक स्वतः प्लगइनसोबतच्या रीडमी नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहितो, कोडला हात न लावता ती बदलता येते, त्यामुळे तिच्यावर एकटीवर भिस्त नको. आणि उलट बाजूने, जुनं म्हणजे लगेच वाईट असंही नाही, वर्डप्रेस मागचं मोडू नये म्हणून खूप काळजी घेतं. मी एकच प्रश्न विचारते, हे प्लगइन बाहेरच्या माणसाकडून काही घेतं का? फॉर्म, फाइल, पैसे, लॉगिन. घेत असेल आणि दोन वर्षं कोणी हात लावला नसेल तर ते जायलाच हवं. नुसतं पानाखाली कॉपीराइटचं साल छापत असेल तर थांबू शकतं.

बरीचशी प्लगइन्स तर आता लागतच नव्हती. फोटो पानावर खाली गेल्यावर मगच उतरवायचे यासाठी एक होतं, साइटमॅपसाठी, म्हणजे सर्च इंजिनांना द्यायच्या पानांच्या यादीसाठी, एक होतं, या दोन्ही गोष्टी ऑगस्ट २०२० च्या ५.५ पासून वर्डप्रेसमध्ये आपसूक आहेत. रकाने, बटणं, गॅलरी यासाठी तीन होती, ती कामं डिसेंबर २०१८ मध्ये आलेला नवा एडिटरच करतो. आणि नुसतं निष्क्रिय करून ठेवू नका, डिलीट करा, कारण निष्क्रिय प्लगइनच्या फाइल्स सर्व्हरवर तशाच असतात आणि भगदाड असेल तर काही वेळा बाहेरून थेट गाठता येतात.

पट्ट्यांचं काय केलं? नोटिस लपवणारी प्लगइन्स मिळतात, मी टाकलं नाही, कारण ते खऱ्या नोटिसापण गिळतं आणि आपण परत होतो तिथेच. त्यापेक्षा मावशीला रोजच्या वापरासाठी वेगळं लॉगिन करून दिलं, एडिटर या भूमिकेचं. ती त्यातून दर बदलते, फोटो टाकते, आणि बहुतेक पट्ट्या फक्त ॲडमिनला दाखवलेल्या असतात म्हणून तिला त्या दिसत नाहीत. ॲडमिनचं लॉगिन मामेबहीण महिन्यातून एकदा उघडते आणि तेव्हा ती सगळं वाचते.

बुकिंगसाठी नवीन प्लगइन घेतलं, पैसे भरून. मावशी आधी नको म्हणाली, फुकट मिळतंय तर कशाला. मग बुकिंगच्या यादीतली ती प्रश्नचिन्हं तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "मावशी, हे सांभाळायला कोणीतरी हवं ना, वाडीला गडी लागतो तसं." ती लगेच हो म्हणाली. मात्र पैशांच्या प्लगइनचं एक लक्षात ठेवा, त्याचा परवाना बहुतेक वर्षभराचा असतो आणि तो संपला की प्लगइन सहसा चालू राहतं पण अपडेट्स थांबतात, म्हणजे परत तीच शांतता. म्हणून ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीये, सिलेंडरच्या नोंदी असतात तिथेच.

तेवीसातली आता दहा उरलीत. नावं मराठीत नीट येतात, पहिलं आलं ते चिपळूणच्या एका कुटुंबाचं, मावशीने मला स्क्रीनशॉट पाठवला. स्लायडर तेवढा राहिलाय, तो थीमच्या पोटातला आहे, काढायचा तर थीमच बदलावी लागेल, ते जुलैमध्ये करू, तेव्हा खोल्या रिकाम्या असतात.